पंचनामा शेताचा होतो, लॉटचा कधी होणार?

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस स. न. वि. वि.

नऊ वर्षे मी एका बियाणे कंपनीचा माणूस म्हणून सोयाबीनच्या तक्रारींवर फिरलो. वाशीम, यवतमाळ, अकोल्याकडची खेडी. तक्रारी तपासणाऱ्या सरकारी समितीची गाडी शेतात आली की मी धुऱ्यावर शेतकऱ्याच्या समोर उभा. पुढे नोकरी सोडून वडिलांची सात एकर करू लागलो. यंदा त्यातली चार एकर उगवली नाही.

तक्रारीला कंपनीचे उत्तर आले: ‘पेरणी जास्त खोल झाली व जमिनीत पुरेशी आद्रता नव्हती.’ वाचून हसू आले. हे वाक्य मीच लिहिलेले. ‘आद्रता’सुद्धा तशीच, रफार खाल्लेली. त्या काळी पंचनाम्याला निघतानाच हे उत्तर माझ्या बॅगेत टाईप करून असायचे. गाव आणि गट नंबर तेवढा पेनने भरायचा.

ते कारण दरवेळी खोटे नसते, हेही सांगतो. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने बियाणे चार बोटे खाली गेलेले मी पाहिले आहे. एका पावसावर घाई केलेली पाहिली आहे. सोयाबीनचे टरफल पातळ. बॅग ट्रकवरून आदळली तरी उगवण घटते. पण खरे काय ते कळायला खुरपे लागते. बी चांगले आणि खोल पडले असेल, तर पापुद्र्याखाली लांब, वाकडातिकडा कोंब सापडतो. बीच मेलेले असेल, तर कोंब नाहीच. दाणा फुगून सडतो, चिमटीत धरला की डाळी निसटतात आणि बोटांना वास राहतो. ४५ बाय ५ सेंटिमीटरवर पेरले की मीटरभर तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, वीसेक झाडे हवीत. सत्तर टक्के उगवण ही किमान अट धरली, तरी चौदा. माझ्या तासात तीन होती, आणि खाली वाकडा कोंब एकही नाही.

मी पेरणीचे दोन तास न मोडता तसेच ठेवले होते, कारण मला आतली गोष्ट ठाऊक. समिती आली पंधराव्या दिवशी. तोवर शेजाऱ्यांनी वखर मारून दुबार पेरणी उरकली होती. समितीच्या साहेबांनी विचारले, पुरावा का नाही ठेवला? शेजारी म्हणाले, “उगवलंच नाही तं ठेवू काय, भाऊ? पाऊस थांबते का आपल्यासाठी?” त्यांच्या अहवालात शेरा पडला: निष्कर्ष काढता येत नाही.

साहेब, समिती लवकर यावी ही मागणी जुनीच आहे, तीही करतोच. पण माझे खरे म्हणणे वेगळे आहे. दिवसभर आम्ही एकेका शेतकऱ्याला ‘तुमची पेरणी खोल’ सांगायचो, आणि रात्री लॉजवर बसून त्याच तक्रारी लॉट नंबरप्रमाणे मांडायचो. लॉट म्हणजे एकाच नंबराखाली भरलेला बियाण्याचा साठा; तो नंबर बॅगेच्या लेबलवर असतो. एकच लॉट भारी जमिनीत बसला, म्हणजे उगवला नाही, हलक्या जमिनीत बसला, तिफणीने पेरलेला बसला, ट्रॅक्टरने पेरलेलाही बसला, की आम्हाला कळायचे. सगळ्यांचीच पेरणी एकदम कशी खोल जाईल? तो कागद समितीपुढे कधी गेला नाही. समितीनेही कधी मागितला नाही.

१९६८च्या बियाणे नियमांनी विकलेल्या प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षे ठेवायला सांगितली आहे. म्हणजे कंपनीकडे सगळे असते. शेतकऱ्याकडे काय असते? बी तर मातीत गेले. राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मानले, की शेतकरी आणलेले सगळे बियाणे पेरतो. तपासणीसाठी नमुना मागे ठेवील अशी अपेक्षा करता येत नाही. त्याच निकालाने त्याला ग्राहक मंचाचा (आताच्या ग्राहक आयोगाचा) रस्ता मोकळा ठेवला. तिथे गेले तर कंपनीला तीस दिवसांत, फार तर आणखी पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. पण जाताना हातात अहवाल लागतो, आणि अहवालावर शेरा तो वरचा. बियाणे कायद्याचे तर बोलूच नका: १९६६ मध्ये पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड लिहिला. एका बॅगेला आम्ही त्याहून कितीतरी जास्त मोजतो.

म्हणून तालुक्यातल्या तक्रारींची वही लॉट नंबरने ठेवायला लावा आणि ती तक्रारदाराला पाहू द्या. एकाच लॉटच्या तक्रारी दोन-तीन गावांतून आल्या, तर त्या लॉटची उगवण चाचणी आणि विक्रीची नोंद कंपनीकडून समितीने मागवावी. ज्याने वखर मारला, त्याच्याकडे बिल आणि बॅगेचे लेबल असेल तर त्याचे नावही त्याच लॉटखाली लिहावे. पंचनाम्यात खोली पट्टीने मोजून लिहावी आणि कंपनीच्या माणसाने आपले कारण तिथेच, धुऱ्यावर, स्वतःच्या हाताने लिहावे. टाईप केलेले चालवून घेऊ नका.

माझ्या लॉटच्या तक्रारी आजूबाजूच्या चार गावांत आहेत. लेबले मी गोळा केली आहेत, शेजाऱ्यांचेही मिळाले. त्यांच्या घरी ती बॅग दारात पायपुसणे म्हणून टाकलेली होती. कधी बोलावता ते कळवा, घेऊन येतो.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक, जि. वाशीम