म्हापशातल्या अनोळखी माणसांचे आभार

शुक्रवारी, बाजाराच्या ऐन गर्दीत, म्हापशात आईला भरधाव दुचाकीने उडवले. आमच्यापैकी कोणीही जवळ नव्हते. पिवळ्या मडगार्डच्या पायलटांनी (गोव्यातल्या मोटारसायकल टॅक्सीवाल्यांनी) गाड्या आडव्या लावून रस्ता अडवला, भाजीवाल्या मावशींनी तिचे डोके मांडीवर घेतले, कोणीतरी १०८ ला फोन केला. वाहतूक पोलिसाने रुग्णवाहिकेला वाट करून दिली आणि मदत करणाऱ्या कोणालाही नाव-पत्ता सांगायची सक्ती केली नाही. मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती हे संरक्षण देतेच, पण ते पाळले गेले, हे मोठे. आई आता घरी आहे, काठी घेऊन चालते. (तिथले पुसट झालेले झेब्रा पट्टे मात्र लवकर रंगवा, ही कळकळीची विनंती.) पायलटभावांनो, मावशी, पोलीसदादा, देव बरे करो.