‘कॅन्सल’ लिहिलेली ओळ

नागपूर, १८ डिसेंबर २०२४

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

मनगट आता कसं आहे? परवा तू इंग्लंडातून फोनवर सांगितलंस की एक्स-रे झाला, पट्टी बांधली आणि निघताना तू सवयीने बिलाचं काउंटर शोधत राहिलीस. शेवटी नर्सला विचारलंस, तर तिला तुझा प्रश्नच कळेना. आईला हसू आवरत नव्हतं. मीही हसलो. पण रात्री झोप येईना. सव्वीस वर्षं मी ज्या खिडकीमागे बसलो, ती खिडकीच नसलेलं हॉस्पिटल काही केल्या डोळ्यांसमोर येत नव्हतं. मग तिथे माणूस अडतो कुठे? कुठेतरी अडत असणारच.

तू साडेचार तास बाकावर बसून होतीस, तेच त्याचं उत्तर. तूच म्हणालीस, ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं तिकडचं उद्दिष्ट आहे आणि यादीवर सत्तर लाखांहून जास्त केसेस आहेत. म्हणजे आपण पैसे मोजून घेतो, ते वेळ मोजून घेतात. आणि फुकट म्हणू नकोस हं. व्हिसाच्या वेळी वर्षाला ७७६ पाउंडांच्या दराने जो आरोग्य अधिभार भरला, त्याची पावती माझ्या फाइलमध्ये आहे, कर्जाच्या कागदांखाली. बिल आधीच फाडलं होतं आपण.

तू विचारलंस, डिझर्टेशनसाठी विदर्भातल्या घरांचा आरोग्यावरचा खर्च हा विषय घेऊ का, आणि बाबा, तुम्ही काय सांगाल. फोनवर हे नीट बोलता येत नाही. आजी मध्येच फोन ओढते आणि ‘जेवली का’वर गाडी अडते. शिवाय अधिवेशनामुळे बर्डीवर सगळीकडे बॅरिकेड, बाहेर जाण्यात अर्थ नाही. म्हणून लिहायला बसलो.

तुमच्या आरोग्य अर्थशास्त्राचा पाया म्हणून तू अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांचा १९६३चा लेख सांगितलास. आजार कधी येईल ते माहीत नाही, आणि आल्यावर काय लागेल ते डॉक्टरला जितकं कळतं तितकं रोग्याला नाही, म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. हे मला एका झटक्यात पटलं. कॉटन मार्केटात तुझी आई संत्रं दाबून बघते, वास घेते, भाव पाडते. सीटी स्कॅन कोण दाबून बघणार? इस्टिमेटचा कागद घेऊन लोक खिडकीशी यायचे आणि विचारायचे, ‘साहेब, हे सगळं लागतेच का?’ मला! बी.कॉम. झालेल्या माणसाला! डॉक्टरला विचारायची भीती वाटायची, मी निदान मराठीत बोलायचो.

आता जे लिहितो ते आईलाही कधी सांगितलं नाही. २००९चा पावसाळा. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात होतो, नाव लिहीत नाही. यवतमाळकडचा एक माणूस बायकोला घेऊन आला. तिच्या पोटात गाठ होती, डॉक्टरांनी त्याच दिवशी भरती व्हायला सांगितलं. केसपेपर झाला, फाइल निघाली, आणि तो डिपॉझिट भरायला माझ्याकडे आला. पंधरा हजार. त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची थैली काढली, पाणी जाऊ नये म्हणून सुतळीने घट्ट बांधलेली. गाठ सुटेना, तर दाताने सोडली. सहा हजार दोनशे निघाले. मी मोजले, तो बघत राहिला, म्हणून परत मोजले. दुसऱ्यांदा वाढतील असं त्याला वाटत असावं. ‘बाकीचे परवा आणतो,’ म्हणाला. मी म्हटलं, भरती डिपॉझिटनंतरच, नियम आहे. नियम खराच होता, वरच्यांनी घालून दिलेला. त्याने थैली पुन्हा बांधली, तितकीच घट्ट. बाकावर पाय पोटाशी घेऊन बसलेल्या बायकोला उठवलं आणि दोघं गेले. संध्याकाळी हिशेब जुळवताना त्या फाइल नंबरपुढे मी लाल पेनने ‘कॅन्सल’ लिहिलं.

मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, तिथून ऑटोने दहा मिनिटांवर. ते मी त्याला सांगितलं नाही. विसरलो असंही नाही. मागे लाइन होती.

डॉक्टरांच्या मनाविरुद्ध सही करून रुग्णाला घेऊन जातात, त्याला आम्ही ‘डामा’ म्हणायचो. डामा झालेला निदान कागदावर राहतो. हा तर भरतीच झाला नव्हता.

आता हा माणूस तुझ्या डेटात कुठे बसतो ते बघ. घरखर्चाच्या १० टक्के किंवा २५ टक्के रक्कम उपचारावर गेली की त्या घरावर आपत्तीजनक खर्च पडला असं तुम्ही धरता. याचा खर्च किती? एसटीचं भाडं आणि केसपेपरचे पैसे. म्हणजे याच्यावर आपत्ती आलीच नाही! त्याच्या गावात कुणी दोन एकर विकून बायकोचं ऑपरेशन केलं असेल, तर तो मात्र आपत्तीत. त्याच्यासाठी कोष्टकात रकानाही आहे: पैसे बचतीतून आले, कर्जातून, मालमत्ता विकून, की नातेवाइकांकडून. जमीन विकणारा सापडतो. सुतळी परत बांधून गेलेला सापडत नाही. सरकारी मेयो हॉस्पिटलात ज्याची बायको फुकटात बरी झाली त्याच्यापुढेही जवळजवळ शून्य, आणि ज्याने बायकोला तशीच घरी नेली त्याच्यापुढेही शून्य. दोन्ही शून्यं दिसायला सारखीच.

सरकारी आरोग्य लेख्यांमध्ये खिशातून होणारा खर्च २०१३-१४ ला देशाच्या एकूण आरोग्यखर्चाच्या ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ ला ३९.४ टक्क्यांवर आला, हे तू मोठ्या उत्साहाने सांगितलंस. आनंदच आहे. योजना आल्या हे मी स्वतः पाहिलंय. २०१२ ला राज्यात राजीव गांधी जीवनदायी सुरू झाली, दुसऱ्या टप्प्यात आपल्याकडे आली, पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, २०१८ ला आयुष्मान आली. माझ्या खिडकीशेजारीच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल लागलं आणि माझी लाइन खरंच कमी झाली. पण त्या टेबलाशीही लोक अडायचे. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड गावाला राहिलेलं, कार्डावर सुनेचं नाव चढलेलं नाही, आजार पॅकेजच्या यादीत नाही. तेव्हा आकडा खाली आला की आधी विचार, खिशाऐवजी सरकारने भरलं, की खिसेवाला आलाच नाही? आकडा दोन्हीने खाली येतो.

तो अमेरिकेतल्या रँड संस्थेचा प्रयोग तू सांगितलास ना, सत्तरच्या दशकात सुरू झालेला, काहींना उपचार फुकट आणि काहींना वाटा भरायला लावलेला? ज्यांना पैसे पडले ते डॉक्टरकडे कमी गेले, पण गरजेच्या भेटी आणि बिनगरजेच्या भेटी दोन्ही सारख्याच कमी झाल्या. आणि बीपी असलेल्या गरिबांना फुकट उपचाराने फरक पडला. आमचे साहेब म्हणायचे, डिपॉझिट घेतलं की खरा गरजू कोण ते कळतं. काही कळत नाही. खिडकी म्हणजे चाळणी नव्हे, नुसता बांध होता.

तू म्हणशील, पाहणीत उपचार न घेतलेल्यांनाही विचारतात. विचारतात, खरं. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत कारणांचे पर्याय आहेत आणि त्यांत एक आहे ‘आजार गंभीर वाटला नाही’. त्या उत्तरावर पटकन विश्वास ठेवू नकोस. वहीपेन घेऊन ओसरीवर बसलेल्या परक्या माणसासमोर, चार शेजारी ऐकत असताना, कोण म्हणेल की पैसे नव्हते म्हणून बायकोला परत आणलं? ‘एवढं काही नव्हतं जी,’ असंच म्हणेल. कोड पडला, वही मिटली.

याचा पुरावा घरातच मिळाला. तू पाठवलेले तब्येत मोजायचे ते पाच प्रश्न, चालणं, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, दुखणं, चिंता, मी रविवारी आजीला विचारले. चालण्यात अडचण? ‘रोज मंदिरात जाते नं मी.’ मंदिर गल्लीच्या टोकाला आहे आणि ती वाटेत दोनदा टेकते, पण अडचण नाही. आंघोळ, कपडे? ‘मंग का तू घालून देतं?’ दुखणं? ‘दुखते तं दुखते, त्याले का इचारतं.’ हे कितव्या खणात टाकू? चिंतेवर मात्र ठाम. ‘पोरगी तिकडं थंडीत पडली, चिंता नाही करू त का नाचू?’ आणि शेवटी ते शून्य ते शंभरचं थर्मामीटरसारखं चित्र दाखवून आज तब्येत किती म्हणून विचारलं, तर म्हणाली ब्याऐंशी. मला बरं वाटलं. मग म्हणाली, ‘वय ब्याऐंशीच हाय नं माहं?’

यावरून तुम्ही ठरवणार की तिच्या एका वर्षाची किंमत पूर्ण निरोगी वर्षाच्या किती हिस्से धरायची, शून्य म्हणजे मरण आणि एक म्हणजे ठणठणीत. आणि इंग्लंडात बरीच वर्षं अशा एका वर्षामागे २०,००० ते ३०,००० पाउंडांपर्यंत औषध परवडतं असं मानत आले. हिशेबाला माझा विरोध नाही. हिशेब कुठेतरी होतोच, आमच्याकडे तो सुतळीच्या गाठीशी व्हायचा. पण आजी स्वतःला भारी गुण देते, तर त्यावरून तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन मागे पडायला नको.

विषय घे. पण खर्च किती झाला यासोबत, खर्च करायची वेळ आली असताना कोण परत फिरलं, हेही शोध. उन्हाळ्यात आलीस तर गावांत मी सोबत येतो, आता रिकामाच आहे. प्रश्नावलीचं मराठी आधी मला दाखव. ‘दैनंदिन व्यवहार’ असं आपल्याकडे कुणी बोलत नाही. ‘रोजचं काम होते का’ म्हणावं लागेल, आणि ते विचारल्यावर जरा थांबावं लागेल.

हप्ता वेळेवर जातोय, त्याची काळजी नको.

तुझे,
बाबा

ता.क. मनगटाला हळद-चुन्याचा लेप लाव, असं आजी तीनदा सांगून गेली. तिकडे चुना मिळत नसेल तर नुसतं शेकत राहा, पण तिला लावला म्हणूनच सांग.