दोन ओळी झाकणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

दहावीचा निकाल लागून बरेच दिवस झाले, पण व्हिडिओत दिसलेली तुमच्या हातातली ती खाकी कागदाची पट्टी अजून डोळ्यांसमोर आहे. आभार मानायचे ते तिचेच.

तुमच्या शाळेतली ती मुलगी वर्षभर अभ्यासाचे व्हिडिओ टाकत होती. निकालानंतर तिने ‘१०० टक्के’ एवढंच लिहिलं आणि लोक तुटून पडले. कुणीतरी तिचा निकाल उघडला, सहा विषयांची बेरीज केली आणि ती सगळीकडे फिरवली. संस्कृत १००, गणित १००, विज्ञान ९९, सामाजिक शास्त्रे ९८, मराठी ९६, इंग्रजी ९२. एकूण ५८५, म्हणजे सहाशेपैकी साडेसत्त्याण्णव टक्के. मग शंभर कुठून आले? खोटारडी, पैसेवाल्यांची पोर, बापाने जमवून आणलं! दोन दिवस हेच चाललं होतं.

हिशेब तर पाच ओळींचा होता. राज्य मंडळ दहावीची टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर काढतं. इंग्रजीचे ९२ बाजूला ठेवले की उरतात ४९३. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘अ’ श्रेणी असेल तर ७ वाढीव गुण, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. ४९३ अधिक ७ म्हणजे ५००. वाढीव गुण धरूनही बेरीज पाचशेच्या पुढे जात नाही. २०२५ मध्ये राज्यात २११ मुलांना शंभर टक्के पडले आणि त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली होती. शंभर टक्के म्हणजे मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांची मिरासदारी, असं म्हणणाऱ्यांनी हा एक आकडा तरी पाहायला हवा होता.

हे सगळं सांगू शकणारे लोक तिच्या आजूबाजूला होते. ज्या क्लासने निकालाच्या संध्याकाळीच चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स लावला, त्यांना हे पाठ असणार. पण शिव्या सुरू झाल्या आणि फ्लेक्स रातोरात उतरला. त्यावर ‘राज्यात प्रथम’ असंही छापलं होतं. मंडळ गुणवत्ता यादी काढतच नाही, तेव्हा राज्यात पहिलं कोण हे कुणालाच म्हणता येत नाही. त्या खोट्या ओळीचा मार पोरीने खाल्ला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे यशस्वी विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो जाहिरातीत वापरायचा तर त्याची लेखी संमती लागते, आणि तीही यश मिळाल्यानंतर घेतलेली. प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर घेतलेली सही चालत नाही. शिवाय त्याने नेमका कोणता कोर्स केला, हेही सांगावं लागतं. हे त्यांना त्या दिवशी विचारणारं कुणी नव्हतं.

मग तुम्ही व्हिडिओत आलात. पाठीमागे शाळेचं कपाट, समोर टेबलावर मूळ गुणपत्रिका. गुणांबद्दल एक शब्द बोलायच्या आधी तुम्ही वहीच्या कव्हरच्या खाकी कागदाची पट्टी घेतली आणि गुणपत्रिकेवर दोन ठिकाणी चिकटवली. एक बैठक क्रमांकावर, दुसरी आईच्या नावावर. मगच कागद कॅमेऱ्यापुढे धरलात.

त्या पट्टीत काय होतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात आलं नसेल. मंडळाचा ऑनलाइन निकाल पाहायला दोनच गोष्टी लागतात, बैठक क्रमांक आणि आईचं पहिलं नाव. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. या मुलीची आई तिच्या अर्ध्या व्हिडिओंत चहा घेऊन येते, ‘आई’ची ओळख करून दिलेली असते आणि नाव फॉलोअर्सना तोंडपाठ असतं. राहिला बैठक क्रमांक. तो शाळेत साधारणपणे आडनावाच्या क्रमाने ओळीने येतो. पुढच्या-मागच्या बाकावरच्या मैत्रिणीने हॉल तिकिटाचा फोटो टाकला असेल, तर चार-सहा आकडे मागेपुढे करून बघितले की निकाल हाती. तिचा निकाल असाच उघडला गेला. तुम्ही ते ओळखलंत, आणि ज्या दोन गोष्टींनी घात केला त्याच सगळ्यात आधी झाकल्या.

त्याही कागदाने, हे फार बरं केलंत. मुलं मोबाइलवर हायलायटरचा काळा ब्रश फिरवतात. तो पूर्ण अपारदर्शक नसतो, उजेड वाढवला की खालचे आकडे वर येतात. कागद चिकटवून फोटो काढला की मागे काही उरतच नाही.

गुणांचा हिशेब तुम्ही दीड मिनिटात संपवलात. पण पुढे जे बोललात, त्याने आमच्यासारख्या दहावीच्या शिक्षकांची मान ताठ झाली. सवलती नव्हत्या, असं तुम्ही म्हणाला नाहीत. प्रत्येक विषयात २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, म्हणजे पाचशेतले १०० शाळेच्या हातचे, आणि शाळा ते सढळ हाताने देतात, हे तुम्ही शाळेत बसून सांगितलंत. चित्रकलेचे ७ गुण मिळवायला आधी शाळेत चित्रकलेचे शिक्षक लागतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवणारं कुणी लागतं, आणि मग मुदतीत मंडळाकडे प्रस्ताव पाठवणारं कार्यालय लागतं. प्रस्ताव राहिला की मुलाची ‘अ’ श्रेणी भिंतीवर टांगायच्या कामाची. कितीतरी शाळांत कलाशिक्षकाची जागाच नाही. तिथल्या मुलाचे ४९३ हे ४९३च राहतात, ९८.६० टक्के, आणि अकरावीच्या यादीत तो खाली जातो. ‘हा अन्याय खरा आहे, पण तो या पोरीने केलेला नाही,’ असं तुम्ही म्हणालात. दोन्ही गोष्टी एका दमात सांगणारं माणूस फार दिवसांनी ऐकलं.

तिलाही तुम्ही मोकळं सोडलं नाहीत. स्वतंत्र खोली, गणिताची वेगळी शिकवणी, घरकामातून सुटका, हे सगळं अभ्यासाच्या वेळापत्रकाच्या व्हिडिओखाली लिहायला लावलंत. ते वगळून ‘रोज सहा तास करा, तुम्हालाही जमेल’ म्हणणं म्हणजे पाणी भरून, भावंडं सांभाळून रात्री दहाला पुस्तक उघडणाऱ्या मुलीला तिचाच दोष दाखवणं. वह्या-पेनांच्या ज्या व्हिडिओंचे पैसे मिळाले होते, त्यांवर सुरुवातीलाच ‘जाहिरात’ असं ठळक टाकायला सांगितलंत. मोबदला घेतला की तो उघड करणं नियमानेच बंधनकारक आहे, वय लहान म्हणून सूट नाही.

शंका घेणाऱ्यांनाही रस्ता दाखवलात. गुण पटत नसतील, तर स्वतःच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, ती हातात आल्यावर विषयशिक्षकाला दाखवा, मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. छायाप्रत घेतल्याशिवाय तो होत नाही. दुसऱ्याच्या गुणपत्रिकेवर तर तो अर्ज होतच नाही.

बाई, चांगुलपणा म्हटलं की आपल्याला मोठी भाषणं आठवतात, देणग्या आठवतात. एका सोळा वर्षांच्या मुलीची बाजू मांडताना तिचंच आणखी काही उघडं पडू नये, एवढी काळजी घेणारा हात क्वचित दिसतो. तिची बाजू घेणारे इतरही होते. पण त्यांनी पुरावा म्हणून तिची अख्खी गुणपत्रिकाच पुन्हा टाकली, क्रमांकासकट.

ऑनलाइन निकालानंतर काही दिवसांनी मूळ गुणपत्रिका शाळेत वाटल्या जातात, आणि मुलं फाटकाबाहेर पडायच्या आत फोटो काढतात. पुढच्या वर्षी त्या दिवशी आमच्या वाटपाच्या टेबलावर खाकी कागदाच्या, दोन बोटं रुंद पट्ट्या कापून ठेवणार आहोत. प्रत्येकाला दोन.

आपला नम्र,
दहावीला गणित शिकवणारा एक शिक्षक