कुमू, त्या नकाराबद्दल आभार

प्रिय कुमू (हवाईत गुरूला असंच म्हणतात),

तुम्हाला मराठी वाचता येत नाही. तरी हे सगळ्यांसमोर आणि मराठीतच लिहितेय, कारण त्या दिवाळीत तुमच्यावर रुसलेली मंडळी मराठीच वाचतात. तुम्हाला शनिवारी वर्गात तोंडी सांगेन.

होनोलुलूतल्या आमच्या मराठी लोकांच्या दिवाळीत मला हुला, म्हणजे तुम्ही शिकवता तो हवाईचा पारंपरिक नाच, करायचा होता. हवाईच्या कालाकाउआ राजाच्या स्तुतीचं पद नुकतंच बसलं होतं. मी विचारलं, तुम्ही ‘नाही’ म्हणालात आणि इपू हे भोपळ्याचं वाद्य उचलून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलंत. मला राग आला होता, लपवत नाही.

तुमचा तो इपू हेके म्हणजे एकावर एक जोडलेले दोन भोपळे. गादीवर आपटला की ‘ऊ’, बोटांनी थापटला की ‘ते’. वाजवताना तुम्ही आमच्याकडे बघतसुद्धा नाही, तरी मागच्या रांगेत कुणाचा गुडघा जरा सरळ झाला की ‘लालो!’ अशी हाक येते. खाली, अजून खाली. मांड्या भरून येतात. आणि पद संपलं की पाणी प्यायच्या आधी नावं घ्यायला लावता : तुम्हाला हे कुणी दिलं, त्यांना कुणी. ती नावं माईकी आयू लेक आणि त्यांच्या गुरू लोकालिया माँटगोमेरी यांच्यापर्यंत जातात.

ती नावं घेता घेताच तुमच्या ‘नाही’चं कारण कळत गेलं. १८३० मध्ये राणी काआहुमानूने जाहीर हुलावर बंदी घातली. लोकांनी तो घरादारात, खेड्यापाड्यांत जपला, म्हणून १८८३ मध्ये कालाकाउआच्या राज्याभिषेकाला तो उघडपणे नाचता आला. पुढे हॉटेलांनी तो पर्यटकांना जेवणाबरोबर वाढला. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत माझी जागा ‘रेकॉर्ड डान्स’ आणि ‘अल्पोपहार’ यांच्या मधोमध होती, हेही इथे सांगून टाकते. घराण्याची चीज गुरूला न विचारता बाहेर गायची नाही, हे माझ्या आजीच्या पिढीला कुणी सांगावं लागत नसे.

तुम्ही दार मात्र लावून घेतलं नाहीत, एवढं रुसलेल्यांनी लक्षात घ्यावं. ज्यांना बघायचंय त्यांनी हालाऊत, म्हणजे तुमच्या हुलाच्या शाळेत यावं, म्हणालात. आले बरेच जण, चपला बाहेर काढून जमिनीवर बसले. आम्ही दारात उभ्या राहून आत येण्याची परवानगी मागणारं पठण केलं आणि तुम्ही उत्तरच दिलं नाहीत! आवाज पोटातून येत नव्हता म्हणून. पाहुण्यांसमोर आम्हाला ते पुन्हा म्हणावं लागलं, मग कुठे तुमचं उत्तर आलं. नाचापेक्षा लोकांना तेच जास्त लक्षात राहिलंय. आमच्यातले एक काका अजून विचारतात, ‘काय, घेतलं का आत?’

तुमच्या त्या ‘नाही’बद्दल मनापासून आभार. दुसऱ्याला शिकवण्याचा अधिकार ऊनिकी, म्हणजे शिक्षण पुरं झाल्याचा विधी, झाल्याशिवाय आणि तुम्ही दिल्याशिवाय मिळत नाही, हेही तेव्हाच पक्कं झालं.

आता एक मागणं. पुण्याहून माझी भाची व्हिडिओ कॉलवर ‘मावशी, दोन स्टेप्स तरी दाखव ना’ म्हणून मागे लागते. मी तिला तुमचंच उत्तर देते आणि ती फोन ठेवून देते. डिसेंबरात ती इकडे येतेय. तिला वर्गात बसू द्याल का? शिकवू नका हवं तर. नावं पाठ करून येईल, तेवढी तयारी मी करून घेते.

तुमची,
मागच्या रांगेतली