विषय: जुलैतली अंदमान ट्रिप, डायव्हिंगचे पैसे परत मिळणेबाबत

नमस्कार मॅडम,

तुमच्या कॉलेज रोडच्या ऑफिसात बायकोला घेऊन बुकिंगला आलो होतो, तेव्हा तुम्ही मोबाईलवर निळ्याशार पाण्याचे व्हिडिओ दाखवले आणि म्हणालात, 'सर, 25 मीटरपर्यंत क्लिअर दिसतं, ऑफर आहे तोवर घेऊन टाका.' घेतली. ऑफर का होती ते हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, उतरल्यावर कळलं. धो धो पाऊस, एलिफंट बीचची बोट दोन दिवस बंद, आणि तिसऱ्या दिवशी एकदाचं नेमो रीफला पाण्यात उतरवलं तर तीन मीटरपुढे सगळं गढूळ. पुरात आपला दुतोंड्या मारुती बुडाल्यावर गोदावरी दिसते तेवढं वाईट नाही, खोटं कशाला बोलू, पण हिरवट धुक्यात चाचपडल्यासारखं.

तिथला इन्स्ट्रक्टर सरळ म्हणाला की पावसाळ्यात लाटा खालची वाळू उपसतात, पाणी बघायचं तर जानेवारी ते एप्रिल यायचं. हे त्याला माहीत आणि तुम्हाला नाही? अहो आपल्या मालवणला पण पावसाळ्यात स्कूबा बंद असतं!

मासे अजिबात दिसले नाहीत असं नाही. हातभर अंतरावर ॲनिमोनीत, म्हणजे त्या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री जीवात, क्लाउनफिश होते, त्यातली सगळ्यात मोठी ती मादी असते म्हणे, हे ऐकून बायको दिवसभर खुश. पण पोपट मासा कोरल कुरतडतो त्याचा कटकट आवाज कानात स्पष्ट येत होता आणि मासा काही शेवटपर्यंत दिसला नाही. आम्ही काय आवाजाचे पैसे भरले होते?

आणि तुमच्या पॅकेजमधला फोटोवाला, तो फिन्स घालून चक्क कोरलवर उभा राहिला आणि मलाही 'पकडा सर, पकडा' करत होता. गोल दगडासारखं कोरल वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, उद्या दंड झाला असता तर कोणी भरला असता? मी हात लावला नाही म्हणून तसा एकही फोटो नाही, त्याचेही पैसे तुम्ही घेतलेत.

दोघांचे डायव्हचे, फोटोंचे आणि न सुटलेल्या बोटीचे पैसे परत द्या. हॉटेल, जेवणाबद्दल काही म्हणणं नाही. मंगळवारी अकराला ऑफिसात येतोय, तेव्हा ते व्हिडिओ कोणत्या महिन्यात काढलेत तेही सांगा.

आपला ग्राहक,
गंगापूर रोड, नाशिक