तुझ्या वहीतले गुण

मिरज,
१८ जानेवारी २०२६

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

आधी कबुली देतो. आईने तुझं कपाट आवरायला लावलं, त्यात हिरव्या पुठ्ठ्याची वही सापडली. अभ्यासाची असेल म्हणून उघडली, तर पहिल्याच पानावर एका सिनेमाला दहापैकी साडेतीन गुण आणि खाली लाल शाईत ‘पैसे परत द्या’. मग काही खाली ठेववेना. रात्री जेवणं झाल्यावर सगळी वाचून काढली. रागावणार असशील तर रागाव, हक्क आहे तुझा. पण पत्र पुरतं वाच.

‘ओव्हररेटेड’ हा शब्द तू एकवीस वेळा लिहिला आहेस. मोजला मी. ज्या ज्या पानावर तो शब्द आहे, तिथे दुसरं काहीच नाही. आणि जिथे तो नाही, तिथे तू बघितलेलं लिहिलं आहेस. एका गाण्याबद्दल लिहिलंस, ‘ढोलकीवाला गायिकेकडे बघतच नव्हता, तिच्या पायांकडे बघत होता, तरी एकदाही चुकला नाही.’ हे वाक्य मी आमच्या तंबोऱ्याच्या दुकानातल्या उस्तादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोरीला डोळे आहेत. एकवीस जागी ते कुठे गेले होते, ते तूच शोध.

‘सैराट’ला सात दिलेस. ‘सेकंड हाफ स्लो, शेवट फार डार्क.’ २०१६ च्या उन्हाळ्यात सांगलीला आपण सगळे गेलो होतो, तू नऊ वर्षांची. ‘झिंगाट’ला लोक खुर्च्यांवर चढले होते आणि तूही माझ्या मांडीवरून उतरून दोन रांगांच्या मधे नाचलीस. शेवटी आईने तुझे डोळे झाकले, म्हणजे तो शेवट तू तेव्हा पाहिलाच नाहीस. नंतर कधीतरी मोबाइलवर पाहिला असशील. मी तुला थिएटरातला सांगतो. अजय-अतुलने त्या सिनेमाचं संगीत अमेरिकेत जाऊन, लॉस एंजेलिसला मोठा वाद्यवृंद बसवून रेकॉर्ड केलं होतं. पहिल्या भागात ते व्हायोलिनचे ताफे नुसते अंगावर येतात. पुढे हैदराबादेत ती दोघं भाड्याच्या खोलीत राहायला लागल्यावर ते सगळं ओसरत जातं आणि शेवटी त्यांचं लेकरू रक्ताची पावलं उमटवत बाहेर येतं, तेव्हा पडद्यावर आवाजच नाही. आमच्या मागे एक माणूस पिशवीतून काहीतरी खात होता, त्या पिशवीचा आवाज मला अजून आठवतो. मग तोही थांबला. ज्याला तू स्लो म्हणतेस, ते मला आवाज एकेक करून काढून घेणं वाटतं. सातच ठेव हवं तर. पण मोबाइलवर स्कूटरच्या हॉर्नमधे पाहून दिलेले सात आहेत, एवढं कंसात लिही.

मालिकांचं एकच पान आहे. ‘आजीची सीरियल. ०. बघायची गरज नाही.’ हे मी आजीला वाचून दाखवलं. तिथे माझं चुकलं, दोन दिवस घरात तोच विषय. ती म्हणाली, ‘बघितली का तिने? रोज मी बघते. शून्य द्यायचं तर मी देईन.’ आता तुला खरं सांगतो, आजी ती मालिका तुझ्यापेक्षा कडक नजरेने बघते. सुनेच्या हातून दूध उतू गेलं की तीन बाजूंनी तीन चेहरे आणि ढगांचा गडगडाट, तेवढ्यात ती आवाज बंद करून मेथी निवडते. साडेसातला शेजारच्या काकू येतात. दोघी मालिकेला नावं ठेवत बसतात, आणि दिवसभरातलं तिचं बोलणं ते तेवढंच. ती मालिका बंद पडली तर काकू कशाला येतील, हे मला कळत नाही.

गाण्याचे रिअॅलिटी शो तू एका ओळीत निकालात काढलेस, त्यातलं निम्मं मला मान्य आहे. पण २००८-०९ मधे ‘लिटिल चॅम्प्स’ चालू होतं, तेव्हा तू दीड वर्षाची होतीस आणि कार्तिकी गायकवाड गायला लागली की रडायचं थांबायचीस. हा पुरावा तुझ्याविरुद्ध आहे, म्हणून सांगून ठेवतो.

आता मुख्य भांडण. २६ जानेवारी २०२५. कोल्डप्ले, अहमदाबाद, दहापैकी दहा, ‘बेस्ट लाइव्ह एक्सपीरियन्स ऑफ माय लाइफ’. बाळ, तू आपल्या गच्चीत होतीस. मोबाइल पाण्याच्या टाकीला टेकवला होता, कानात इअरफोन, अंगावर आईची शाल. मी दोनदा वर येऊन गेलो, तुला पत्ता नव्हता. स्टेडियममधल्या लाखावर माणसांच्या मनगटांवरचे पट्टे एकदम पिवळे झाले, तेव्हा तू तोंडावर हात धरून रडत होतीस. त्या दहा गुणांबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला ते गाणं कळलं नाही, तुझा चेहरा कळला. मी अडलो तो फक्त ‘लाइव्ह’ या शब्दाशी.

कारण पुढच्याच डिसेंबरात तू पुण्याला सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला गेलीस. तिथे खरोखर समोर बसलीस आणि लिहिलंस: ‘थंडी. वडापाव मस्त. पहिली वीस मिनिटं नुसतं तंबोरे जुळवणं, मग कुठे गाणं. ४.’

ती वीस मिनिटं म्हणजे आपलं पोट आहे गं.

तुला लहानपणापासून दुकानात लाकडाच्या भुशात खेळताना पाहिलं, पण मी नक्की काय करतो हे कधी बसवून दाखवलं नाही, ही माझीच चूक. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरकडून येतो, तो वाळवणं, कापणं, त्याला गळा बसवणं हे सगळं तू पाहिलं आहेस. जवारी, म्हणजे तारेचा आवाज खुलवण्यासाठी घोडी घासणं, ते पाहिलं नाहीस. तार ज्या रुंद घोडीवर टेकते, तिच्या पाठीला अगदी थोडा उतार द्यायचा असतो, इतका थोडा की बोटाला कळत नाही. कानशीने एकदा घासायचं, तार चढवायची, छेडायची, ऐकायची, तार उतरवायची, परत घासायचं. एक हात जास्त गेला की आवाज चिरका होतो, कमी गेला तर ठोकळ्यासारखा बंद. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा. तो केसभर पुढे-मागे करताना एका जागी तार एकदम उमलते. चार तारा असतात, एक पंचम म्हणजे प, दोन षड्ज म्हणजे सा, एक खर्ज म्हणजे खालचा सा. गंधाराची, म्हणजे ग ची, तार नसतेच. पण चारही नीट लागल्या की खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो. कोणी वाजवत नाही, तरी असतो. मंडपात थंडी पडली की तारा हलतात, दिव्यांची धग लागली की परत हलतात. गायक डोळे मिटून बसलेला तुला दिसला ना, तो त्या गंधाराची वाट बघत होता.

मी वीस-बावीसचा असताना उस्तादांबरोबर पुण्याच्या रमणबागेत सवाईला गेलो होतो, तंबोरे सांभाळायला. तेव्हा सवाई रात्रभर चालायचं. दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम पुढे आला. शेवटच्या पहाटे लोक घोंगड्या गुंडाळून बसलेले, आणि मग भीमसेनजी. खरं सांगू का, त्या रात्री मधले दोन कलाकार मी झोपून काढले. कोण होते ते उस्तादांनी विचारलं, मला सांगता आलं नाही. म्हणून तुझ्या चारावर मी फार बोलत नाही.

आणि हेही ऐक. १९५३ मधे भीमसेनजींनी तो उत्सव आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ सुरू केला. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँसाहेब. १९३७ मधे मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना त्यांना गाडीत बरं वाटेना, तेव्हा ते सिंगपेरुमल कोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले. तंबोरा जुळवून घेतला, गायले आणि तिथेच गेले, असं सांगतात. म्हणजे त्यांनीही आधी जुळवलाच. त्यांची कबर आपल्या मिरासाहेब दर्ग्यात आहे, जिच्या शेजारून तू दहा वर्षं शाळेला गेलीस.

वही पार्सलने पाठवत नाही, हरवेल. काकूंचा मुलगा रविवारी पुण्याला येतोय, त्याच्याकडे देतो. तुझं एकही अक्षर खोडलेलं नाही. एका जागी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं आहे, ते माझं समज.

यंदा उरुसाला सुट्टी काढता आली तर ये. दर्ग्याच्या आवारात मोठमोठे कलाकार हजेरी लावायला येतात, त्या आधी तासभर मी मागे तंबोरे लावत असतो. माझ्याजवळ बस, कानाला भोपळा लावून देतो. तिथे तिकीट नसतं, त्यामुळे ‘पैसे परत द्या’ लिहायची सोय नाही.

तुझा,
बाबा

ता.क. मालिकेला आजीने दहापैकी सहा दिलेत. दूध फार वेळा उतू जातं म्हणून चार कापले.