मेनफ्रेम जिवंत आहे, आमच्या झोपेला विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बारावीनंतर काय शिकावं यावर तुम्ही पानभर छापलंत, चांगलं होतं, पण खाली एका चौकटीत ‘काय शिकू नये’ अशी यादी होती आणि त्यात टायपिंग, शॉर्टहँडच्या पंगतीत मेनफ्रेम, म्हणजे बँकांचे हिशोब सांभाळणारा मोठा कॉम्प्युटर, बसवलाय. सोबत फोटो कुठला, तर टेपच्या चकत्या फिरणाऱ्या कपाटाचा. सकाळी चहा घेताना बायकोने ते पान समोर धरलं आणि म्हणाली, बघा, तुम्ही रात्री दोनला उठून कुठे लॉगिन करता ते. म्हणून हे पत्र.

मी ठाण्यात राहतो, नोकरी ऐरोलीला. १९९८ ला वायटूकेच्या, म्हणजे सन २००० मध्ये कॉम्प्युटरच्या तारखा गडबडतील या भीतीच्या, लाटेत या धंद्यात शिरलो, तेव्हा कोबोल ही मेनफ्रेमची जुनी भाषा येते म्हटलं की लग्नाच्या बाजारातसुद्धा भाव होता. आता मुलगा मित्रांना सांगतो की बाबा बँकेच्या सर्व्हरचं काहीतरी करतात. असो. आयबीएमने सिस्टीम ३६० ही मेनफ्रेम जाहीर केली ७ एप्रिल १९६४ ला, आणि त्याच खानदानातली नवी मशीनं आजही येतायत, २०२२ ला झेड सिक्स्टीन आली, २०२५ ला झेड सेव्हन्टीन. म्युझियममधल्या वस्तूची नवी मॉडेलं निघत नसतात.

पण मला भांडायचंय ते वेगळ्याच गोष्टीवरून. या मशीनवर काम म्हणजे जुनाट कोबोलला ठिगळं लावणं असं सगळ्यांना वाटतं, तुमच्या चौकटीतही तोच सूर होता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मजेचं काम होतं एक नवी प्रोग्रॅमिंग लँग्वेज झेडओएसवर, म्हणजे मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, बिल्ड करून, म्हणजे मूळ कोडपासून तयार करून, बसवणं. त्याला अकरा रात्री लागल्या. ते काम काय असतं ते एकदा तुमच्या पानावर यावं एवढीच इच्छा.

२०१७ ची गोष्ट. क्लायंटचं नाव, कंपनीचं नाव लिहीत नाही. रोज रात्री एकदम चालणाऱ्या कामांमधून, म्हणजे बॅचमधून, ढीगभर रिपोर्ट निघायचे आणि त्यातून आकडे उचलायला त्यांना छोटीशी स्क्रिप्टची भाषा हवी होती, मशीनवरच चालणारी, कारण डेटा बाहेर न्यायला परवानगी नाही. आम्ही लुआ घेतली. ब्राझीलमध्ये रिओच्या विद्यापीठात १९९३ साली जन्मलेली भाषा, पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र, आणि प्रकृती एकदम सडसडीत, अख्खा सोर्स, म्हणजे मूळ कोड, झिप करून तीनशे केबीच्या आसपास, ३५ सी फायली, बाहेरची कुठलीही लायब्ररी लागत नाही. मॅनेजर म्हणाला, विंडोजवर तर दोन मिनिटांत होतं, दोन दिवस धरू. मी पण हो म्हटलं, शहाणा!

पहिली रात्र तर फाइल चढवण्यातच गेली. एफटीपीने, म्हणजे फाइल पाठवायच्या सोयीने, पाठवली, पण टेक्स्ट मोडमध्ये, त्यामुळे मधे बसून एफटीपीने एकेक बाइट ‘भाषांतरित’ केला आणि पॅक केलेल्या फायलीचा चिवडा झाला. परत बायनरीत, म्हणजे बाइट जसेच्या तसे, पाठवली. मग कळलं की ती उघडायला जे गनझिप लागतं ते आमच्या मशीनवर नाहीच, म्हणजे घरूनच पीसीवर उघडून नुसती टार, म्हणजे न आवळलेला फायलींचा गठ्ठा, पाठवायची. हे सगळं कुठेतरी लिहिलेलं असतंच म्हणा, पण रात्री साडेअकराला कोण वाचतंय.

आता इथे वाचकांना एक सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. ज्यांनी कधी डीटीपीचं काम केलंय त्यांना कृतिदेव फॉन्ट आठवत असेल. कृतिदेवमध्ये टाइप केलेली लग्नपत्रिका दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला की वधूवरांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसायची. फाइल बिघडलेली नसायची, बघणाऱ्याचा तक्ता वेगळा असायचा. मेनफ्रेमचं तसंच आहे. तुमच्या मोबाइलमध्ये, पीसीमध्ये कॅपिटल ‘ए’ म्हणजे ६५, हा आस्की. मेनफ्रेमवर तोच ‘ए’ म्हणजे १९३, हा एब्सिडिक. आणि एब्सिडिकमध्येसुद्धा पोटजाती! आमच्या मशीनवरचा सी कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा, मानतो १०४७ नावाचा तक्ता, आणि ऑफिसच्या सगळ्या, मेनफ्रेमची स्क्रीन दाखवणाऱ्या टर्मिनल सॉफ्टवेअरवर सेटिंग होतं ०३७. दोघांचं जवळजवळ सगळं जुळतं. जुळत नाही ते नेमकं चौकोनी कंसांचं. आणि सी भाषेत, लुआत, कंसाशिवाय पान हलत नाही.

तर दुसऱ्या रात्री सोर्स व्यवस्थित १०४७ मध्ये बदलून उतरवला, एडिटरमध्ये उघडला, तर उघडणाऱ्या कंसाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला वाय आणि बंद होणाऱ्या कंसाच्या जागी हवेत लटकलेली दोन टिंबं. माझ्यासोबत एक हुशार पोरगा होता, मूळचा साताऱ्याचा, तो म्हणाला, सर, कन्व्हर्जन गंडलंय. मी पण मान डोलावली. त्याने चेंज ऑल मारला, सगळ्या वायचे कंस केले, सगळ्या टिंबांचे कंस केले, ३५ च्या ३५ फायली, स्क्रीनवर आता कसं सुंदर दिसायला लागलं. कंपाइल केलं. एररची यादी एवढी लांब की स्पूलमध्ये, म्हणजे जॉबचं आउटपुट साठतं तिथे, पानं उलटता उलटता बोट दुखलं.

बरोबर असलेल्या फायली आम्ही दुरुस्त केल्या होत्या हो! फायलीत कंस अगदी योग्य होते, आमचा चष्मा चुकीचा होता, आणि आम्ही चष्म्याला बरं दिसावं म्हणून फाइल बदलली. हे कळायला दोन रात्री गेल्या. फायलीचे बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या आकडेपद्धतीत, उघडून बघितले तेव्हा उजेड पडला, १०४७ प्रमाणे कंस एडी आणि बीडी असायला हवा होता तिथे आम्ही बीए आणि बीबी कोंबून ठेवलं होतं. उपाय काय, तर टर्मिनलच्या सेटिंगमध्ये एक ड्रॉपडाउन, त्यात ०३७ काढून १०४७ निवडायचं. त्या रात्री पाऊस असा होता की विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलेलं, रिक्षावाला यायला तयार नाही, आणि आम्ही दोघं ऐरोली स्टेशनबाहेर भजी खात एका ड्रॉपडाउनवर हसत बसलो होतो. तेव्हा दिघा गाव स्टेशन झालेलं नव्हतं, ठाण्यानंतर थेट ऐरोलीच.

लुआ लिहिणाऱ्यांना मात्र मानलं. त्यांच्या कोडमध्ये एका फायलीत एक छोटीशी तपासणी आहे: ‘ए’ ६५ आहे का आणि शून्य हा आकडा ४८ आहे का. असेल तर आपलाच वेगवान तक्ता वापरायचा, नसेल तर मशीनच्या तक्त्याला विचारायचं. रिओमध्ये बसून कोणीतरी असा विचार केला की जगात कुठेतरी ‘ए’ ६५ नसेल! ती ओळ वाचली आणि मी खुर्चीतच त्यांना नमस्कार केला. ती नसती तर आमच्या अकराच्या तीस रात्री झाल्या असत्या.

भाषा बिल्ड झाली, पण तिच्यात लोकांनी लिहिलेल्या स्क्रिप्ट? तिथे दुसरी भानगड. एकाने ए ते झेड फिरणारा लूप लिहिला, साधा, पहिल्या अक्षराच्या नंबरपासून शेवटच्या नंबरपर्यंत. २६ अक्षरं यायची तर आली ४१. कारण एब्सिडिकमध्ये अक्षरं सलग नाहीत, आय २०१ वर आणि जे थेट २०९ वर, आर आणि एसच्या मधेही तशीच फट, जुन्या पंचकार्डांच्या भोकांचा वारसा आहे तो. आणि त्या फटींमध्ये महिरपी कंस, उलटी तिरकी रेघ असले उपरे भाडेकरू राहतात. म्हणजे ‘ए ते झेडमधलं कुठलंही अक्षर’ असं शोधायला सांगितलं की हे उपरे पण हात वर करतात. रिपोर्टमधल्या नावांची गाळणी यामुळेच चुकत होती आणि एरर कुठेच नाही, कंडिशन कोड शून्य, म्हणजे मशीनच्या मते सगळं ठीक. मेनफ्रेमवाल्यांना सॉक सेव्हन या एररची भीती नसते, तो निदान बोंबलून सांगतो की आकड्याच्या जागी कचरा आलाय. चूक असून शून्य देणारा जॉब, त्याची भीती.

बॅचमध्ये चालवायला गेलो तर प्रत्येक ओळीच्या शेवटी सिंटॅक्स एरर. स्क्रिप्ट ठेवली होती ८० कॉलमच्या मेंबरमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या फायलीत, आणि एडिटर ७३ ते ८० मध्ये ओळींचे नंबर घालून ठेवतो, कार्डांचा गठ्ठा हातातून पडला तर परत लावता यावा म्हणून पडलेली पद्धत. कार्डं गेली, नंबर राहिले. बिचाऱ्या लुआला ते आकडे म्हणजे प्रोग्रॅमच वाटत होता. नंबरिंग बंद केलं, पाच मिनिटांचं काम.

शेवटच्या तीन रात्री परवानग्यांच्या. सिक्युरिटीवाल्यांचा प्रश्न, याचा व्हेंडर कोण, सपोर्टला फोन कुठे करायचा. एमआयटी लायसन्स आहे, फुकट आहे, सोर्स समोर आहे, म्हटलं तर ते जास्तच घाबरले. त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही, बँकेच्या मशीनवर कोणीही उठून काहीही बसवायला लागलं तर मलाच झोप लागणार नाही. अकराव्या रात्री सही आली आणि पहिला खरा जॉब चालला.

आता माझी तक्रार. मी हे सगळं चौदा पानांत लिहून ठेवलं होतं, कंसांच्या फोटोसकट. प्रोजेक्ट हलला, फोल्डर कोणीतरी ‘जुनं’ म्हणून उडवलं, आणि गेल्या वर्षी एका नव्या मुलाचा फोन आला, सर, स्क्रीनवर डोक्यावर रेघवाला वाय दिसतोय, सगळे बदलून कंस करू का? मी ओरडलोच, हात नको लावूस! कंपन्या मशीनवर पैसे घालतात, माणसाला माहीत असलेली गोष्ट मात्र माणूस रिटायर झाला की त्याच्यासोबत घरी जाते. आणि वर तुम्ही मुलांना सांगणार की इकडे फिरकू नका.

बरं, शिकायला आता लाखोंचं मशीन लागत नाही. हर्क्युलिस नावाचा एम्युलेटर, म्हणजे मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्रॅम, १९९९ पासून आहे, फुकट, साध्या लॅपटॉपवर चालतो, आणि त्यावर एमव्हीएस ३.८ ही जुनी सिस्टीम कायदेशीरपणे चालवता येते. जुनीच आहे, २४ बिटचा पत्ता म्हणजे एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त १६ एमबीची जागा, पण जेसीएल (जॉब चालवायच्या सूचना), डेटासेट (मेनफ्रेमच्या फायली), स्पूल सगळं तेच. आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी डिप्लोमाला आहे, सेकंड इयर. मे महिन्यात तिला तिच्या भावाच्या जुन्या लॅपटॉपवर हे लावून दिलं. पहिला आठवडा ती रडकुंडीला आली, जेसीएलमध्ये एक स्पेस जास्त पडली की पुढचं सगळं कॉमेंट समजून सोडून देतो हे तिला अन्याय वाटत होतं, आहेच तो. दुसऱ्या आठवड्यात तिने असा प्रश्न विचारला की मी चहा खाली ठेवला. काका, यात आपली नावं मराठीत कशी बसवायची?

मी तिला ‘ज्ञानेश्वर’ लिहून मोजायला लावलं. आपल्याला चार अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये हलन्त, काना, मात्रा सुटे धरून दहा होतात आणि यूटीएफ ८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे तीस. जुन्या रेकॉर्डमध्ये नावाला जागा धरलेली असेल तीस बाइट, तर ज्ञानेश्वर अगदी काठोकाठ बसला, आडनाव बाहेर. ती म्हणाली, मग ज्ञानेश्वरी बसणार नाही. नाहीच बसणार. आता ती तीसचे साठ केले तर कुठले कुठले प्रोग्रॅम मोडतील याची यादी वहीत करत बसलीये, सुट्टी संपली तरी.

त्या रविवारी तिच्याही घरी तुमचाच पेपर आला होता. तिच्या आईने ती चौकट वाचून मला जिन्यातच गाठलं, भाऊ, हे असं छापलंय, मग पोरीचा वेळ फुकट चाललाय का? मी त्यांना काय सांगितलं ते वर लिहिलंच आहे. तेवढं पुढच्या वेळी चौकटीतून एक नाव काढा आणि तो टेपचा फोटो बदला. शॉर्टहँडबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आपला,
एक जुना वाचक,
पाचपाखाडी, ठाणे